मिसळणाचा डबा आणि 'सर्व्हर स्लो आहे'

पूर्वी कुठल्याही कार्यालयात गेलं की "साहेब जेवायला गेलेत" हे उत्तर मिळायचं. आता त्या जागी "सर्व्हर स्लो आहे" आलं आहे. दोन्ही उत्तरांत एक साम्य आहे. त्यांच्यापुढे काही विचारायचं नसतं. साहेब कधी येतील हे जसं शिपायाला माहीत नसायचं, तसं सर्व्हर स्लो का आहे हे खिडकीपलीकडच्या मुलीला माहीत नसतं. आपण मुकाट्याने पिशवी उचलतो आणि "उद्या येते" म्हणून गोखले रोडच्या गर्दीतून घरी परततो. जणू पाऊस पडतोय, त्याला कोण काय करणार!

माझं म्हणणं असं आहे की हा पाऊस नव्हे. सर्व्हर स्लो असण्याला कारण असतं, ते शोधता येतं, आणि पुष्कळदा ते कारण म्हणजे कुणीतरी न बघितलेला एक आकडा असतो. हे मी कॉम्प्युटरमधली तज्ज्ञ म्हणून सांगत नाही. मी मराठी माध्यमात बी.ए. केलेली, जन्मभर मराठी आणि भूगोल शिकवलेली बाई. पण एखादी गोष्ट समजावून घेतली आणि त्रैराशिक मांडता आलं तर या विषयातलं बरंच कळतं, असा माझा अनुभव आहे. म्हणून हा खटाटोप.

आधी मोठं उदाहरण घेते. १६ जुलै २०२१. करोनाच्या दुसऱ्या लाटेमुळे त्या वर्षी दहावीची परीक्षाच झाली नव्हती, शाळांनी केलेल्या अंतर्गत मूल्यमापनावर निकाल होता. दुपारी एक वाजता तो ऑनलाइन जाहीर झाला आणि संकेतस्थळ बसलं ते कित्येक तास उठलंच नाही. मुलं घरोघरी मोबाइल घेऊन बसलेली. ९९.९५ टक्के पास झालेला निकाल, आणि तो बघता येत नाही! त्यानंतर चार वर्षांनी, २०२५ मध्ये, अकरावीची ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया पहिल्यांदा सबंध राज्याला लागू झाली. २१ मे रोजी नोंदणी सुरू व्हायची होती. पहिल्याच दिवशी संकेतस्थळ अडलं आणि नोंदणी २६ मेपर्यंत पुढे गेली. दोन्ही वेळा आपण ऐकलं ते एकच - "एकाच वेळी फार लोक आले."

आता शिक्षिकेच्या सवयीने जरा हिशेब करून बघू. दहावीला राज्यात साधारण सोळा लाख मुलं धरा. एका मुलाच्या निकालात काय असतं? नाव, आईचं नाव, बैठक क्रमांक, विषय आणि गुण. त्याला दोन किलोबाइट म्हणजे डोक्यावरून पाणी. सोळा लाख गुणिले दोन, म्हणजे बत्तीस लाख किलोबाइट, म्हणजेच सव्वातीन जीबीच्या आत. आजकाल नातवंडांच्या हातातल्या मोबाइलला आठ जीबी मेमरी असते. म्हणजे सबंध महाराष्ट्राचा दहावीचा निकाल एका मोबाइलच्या निम्म्याहून कमी मेमरीत मावतो! शिवाय एक वाजून गेल्यावर तो निकाल बदलत नाही. तारीख आणि वेळ आधीच जाहीर केलेली असते. किती मुलं येणार हे मंडळाच्या रजिस्टरात लिहिलेलं असतं. यात अचानक आलेलं असं काय आहे?

मग अडतं कुठे? हे समजायला स्वयंपाकघरात जाऊ.

नौपाड्यातल्या जुन्या दोन खोल्यांच्या घरांत ओट्यावर मिसळणाचा डबा असायचा आणि बाकीचं सामान माळ्यावर. डब्यात सात वाट्या - मोहरी, जिरं, हळद, तिखट, हिंग, मेथी, धणेपूड. फोडणी देताना हात न बघता जातो. जायफळ मात्र माळ्यावर. ते हवं असेल तर स्टूल आणा, चढा, तीन डबे बाजूला सारा. कॉम्प्युटरचंही तसंच. मेमरी म्हणजे डबा, डिस्क म्हणजे माळा. डेटाबेस, म्हणजे जिथे सगळ्या नोंदी असतात तो कार्यक्रम, वारंवार लागणाऱ्या नोंदी मेमरीत आणून ठेवतो. या हाताशी ठेवण्याला कॅश म्हणतात. पैशांची कॅश नव्हे, हा शब्द फ्रेंचमधून आला, लपवून साठवण्याच्या अर्थाने. कल्पनाही जुनीच. इंग्लंडमधल्या मॉरिस विल्क्स यांनी १९६५ मध्ये ती एका छोट्या लेखात मांडली होती.

माळा आणि डबा यांच्यातलं अंतर किती, हे ऐकून मी स्वतः चाट पडले होते. मेमरीतून एक नोंद मिळायला जर एक सेकंद लागतो असं धरलं, तर हल्लीच्या एसएसडी डिस्कवरून ती आणायला साधारण सतरा मिनिटं लागतील. आणि जुन्या, फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवरून? पावणेअठ्ठावीस तास! फोडणीत मोहरी घालायला हात पुढे केला आणि मोहरी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हातात आली, असं.

आता मुद्द्याचा आकडा. मायएसक्यूएल नावाचा डेटाबेस जगभर वापरतात, फुकट मिळतो, आपल्याकडे छोट्या संस्थांपासून मोठ्या कंपन्यांपर्यंत सर्वत्र सापडतो. तो नव्याने बसवला की त्याच्या मिसळणाच्या डब्याचा आकार असतो १२८ एमबी. कंपनीने तो मुद्दाम लहान ठेवलेला असतो, कारण तो लहानशा मशीनवरही चालायला हवा. मशीनला १२८ जीबी मेमरी असली तरी त्याला आपण सांगेपर्यंत तो १२८ एमबीच वापरतो. बिचारा! इतका आज्ञाधारक विद्यार्थी माझ्या वर्गात कधी नव्हता.

आपल्या दहावीच्या निकालाला हा आकडा लावून बघा. सव्वातीन जीबीत १२८ एमबी म्हणजे पंचविसावा हिस्सा. शंभरातली चार मुलं डब्यात, शहाण्णव माळ्यावर. ऑपरेटिंग सिस्टीम स्वतःहून थोडंफार जवळ ठेवते ते सोडून द्या. फिरती हार्ड डिस्क सेकंदाला शंभरेक वेळा माळ्यावर चढू-उतरू शकते. सोळा लाख भागिले शंभर, म्हणजे सोळा हजार सेकंद, म्हणजे जवळजवळ साडेचार तास. तेही प्रत्येक मुलाने एकदाच बघितलं तर. आपलं मूल एकदाच बघतं का? आई, बाबा, मावशी, क्लासवाले सर, सगळे तोच नंबर टाकत असतात. त्यातून मायएसक्यूएलची मुळातली मर्यादा एका वेळी १५१ जोडण्यांची आहे. काम हळू झालं की आतले लवकर बाहेर पडत नाहीत, आणि मग दारातच "जागा नाही" असा निरोप मिळतो. मंडळाकडे नेमकं हेच यंत्र होतं असं मी म्हणत नाही. हे केवळ उदाहरणाचं गणित आहे. पण तोच निकाल पूर्ण मेमरीत ठेवला तर डिस्ककडे जायचं कारणच उरत नाही, हेही याच गणितात दिसतं.

हे सगळं मला कळलं ते एका छोट्या जागेमुळे. आमच्या भागातल्या एका वाचनालयात मी अधूनमधून मदतीला जाते. नाव सांगत नाही, कारण माणसं मनापासून काम करणारी आहेत. तिथे सभासद क्रमांक टाकला की खातं उघडायला चाळीस सेकंद लागायचे. संध्याकाळी सहानंतर रांग दारापर्यंत. वयस्कर मंडळी उभी राहून कंटाळायची. दोघी-तिघींनी तर पुस्तकं बदलायलाच येणं सोडलं, आणि मला खरं वाईट वाटलं ते त्याचं. समितीने नवीन मशीन घ्यायचं ठरवलं होतं, कोटेशनही आलं होतं. पैसे पुस्तकखरेदीतून काढायचे असं चाललं होतं.

तेवढ्यात माझा एक जुना विद्यार्थी भेटला. ऐरोलीला अशाच कामात असतो. म्हणाला, "बाई, विकत घेण्याआधी मला एकदा बघू द्या." एका रविवारी तो आला. मला वाटलं, लगेच काहीतरी बदलायला घेईल. त्याने काहीच बदललं नाही. आधी दोन आकडे कागदावर लिहून घेतले. डेटाबेसला नोंदींची पानं किती वेळा लागली, आणि त्यातली किती वेळा डिस्कवरून आणावी लागली. हजार वेळा लागली तर सत्तर वेळा माळ्यावर जावं लागत होतं.

"म्हणजे त्र्याण्णव टक्के," मी म्हटलं. "चांगले आहेत की!"

"बाई, हे गुणपत्रक नाही," तो हसला. "इथे मिळालेले नाही, गेलेले गुण मोजायचे."

हे मला फार आवडलं. गुणांत ९९ आणि ९८ यांत काय फरक? पण इथे ९९ म्हणजे शंभरात एक फेरी माळ्यावर, आणि ९८ म्हणजे दोन. काम दुप्पट! ज्याला टक्केवारीचा हा उलटा अर्थ कळत नाही तो ९३ वर समाधान मानून नवीन मशीन विकत घेईल.

मशीनला मेमरी होती आठ जीबी. डेटाबेसचा डबा होता तोच मुळातला १२८ एमबी. पुस्तकं, सभासद आणि इतक्या वर्षांची देवघेव मिळून नोंदी दोन जीबीच्या आसपास. त्याने डबा तीन जीबीचा केला. मी विचारलं, "आठातले सात देऊन टाक ना, मग प्रश्नच नको." त्यावर त्याने जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगते. मिसळणाचा डबाच एवढा मोठा घेतला की सगळा ओटा त्याने व्यापला, तर पोळी लाटायची कुठे? मग पोळपाट आतल्या खोलीत ठेवायचं आणि दर पोळीला आत-बाहेर करायचं. कॉम्प्युटरमध्ये बाकीच्या कामांना मेमरी उरली नाही की तो मेमरीतलं सामान डिस्कवर सरकवू लागतो, याला स्वॅपिंग म्हणतात, आणि मग मशीन आधीपेक्षाही हळू होतं. त्या मशीनवर हिशेबाचा आणि छपाईचाही कार्यक्रम चालतो, म्हणून तीन. मशीन फक्त डेटाबेससाठीच असेल तर मायएसक्यूएलला ऐंशी टक्क्यांपर्यंत मेमरी देतात. पोस्टग्रेस नावाचा दुसरा डेटाबेस मात्र ऑपरेटिंग सिस्टीमच्या साठ्यावरही विसंबतो, म्हणून त्याच्या माहितीपुस्तिकेत चौथ्या हिश्श्यापासून सुरुवात करायला सांगितलं आहे आणि चाळीस टक्क्यांपुढे फारसा फायदा नाही असं म्हटलं आहे. म्हणजे शेजारणीच्या घरचं प्रमाण आपल्याकडे चालेलच असं नाही.

आठवड्याने पुन्हा मोजलं. हजारात सत्तर फेऱ्या होत्या त्या दोनवर आल्या. चाळीस सेकंदांचे पाच झाले. उरलेले पाच? ते मेमरीने जाणारे नव्हते. सभासदाची जुनी देवघेव शोधताना डेटाबेस पहिल्या नोंदीपासून शेवटपर्यंत सगळं चाळत होता, कारण त्याला सूची करून दिलेलीच नव्हती. पुस्तकाच्या मागे सूची नसेल तर एका शब्दासाठी सगळं पुस्तक चाळावं लागतं, तसं. सूची केल्यावर खातं एका सेकंदात उघडू लागलं. नवीन मशीन आलं नाही. पुस्तकखरेदीचे पैसे पुस्तकांवरच खर्च झाले. म्हणून मोठा डबा हा सगळ्यावरचा उतारा नव्हे, हेही सांगायला हवं. सूची नसलेला डेटाबेस मोठ्या मेमरीत ठेवला तर दुखणं झाकलं जातं, बरं होत नाही.

याच ओघात आपल्या एका आवडत्या उपायाबद्दलही सांगते. काही अडलं की आपण काय करतो? "जरा बंद करून चालू करा." वाचनालयातही रोज संध्याकाळी तेच चालायचं. पण बंद केलं की मेमरी रिकामी होते. म्हणजे ऐन स्वयंपाकाच्या वेळी डबा घासून पालथा घातल्यासारखंच की! चालू झाल्यावर प्रत्येक चिमूट पुन्हा माळ्यावरून. मायएसक्यूएलच्या २०१३ च्या आवृत्तीपासून यावर सोय आहे. नीट बंद केलं तर तो डब्यात काय होतं याची यादी लिहून ठेवतो आणि चालू झाल्यावर त्याप्रमाणे भरून घेतो. पण भिंतीवरचं बटण दाबलं तर यादी लिहायला वेळ कुठला?

आणखी एक गंमत. डबा भरला की नवीन वस्तूला जागा करण्यासाठी सर्वांत जास्त काळ न लागलेली वस्तू काढायची, हा साधा नियम. पण दिवाळीच्या साफसफाईला माळ्यावरचे सगळे डबे एकदा खाली येतात. त्या प्रत्येकासाठी एकेक वाटी रिकामी केली तर दुसऱ्या दिवशी फोडणीला मोहरी नाही! डेटाबेसचा बॅकअप म्हणजे अशीच साफसफाई. म्हणून मायएसक्यूएल नव्याने आलेली नोंद थेट मानाच्या जागी ठेवत नाही. रांगेत मागच्या भागात ठेवतो, ती पुन्हा लागली तरच पुढे नेतो. पुढच्या रांगेतली मोहरी त्यामुळे जागेवर राहते. ज्याने हे योजलं त्याच्या घरी स्वयंपाकघरात नक्की कुणीतरी शहाणी बाई असणार.

आपल्या ब्लॉगवाल्या मंडळींसाठी एक माहिती. मेमरीत माहिती ठेवणारी मेमकॅश्ड ही प्रसिद्ध प्रणाली २००३ मध्ये ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी लिहिली ती लाइव्हजर्नल या ब्लॉगांच्या संकेतस्थळासाठी. लोक लिहितात एकदा आणि वाचतात हजारदा, दर वाचनाला डेटाबेसला कशाला त्रास, हा विचार. म्हणजे या विद्येवर आपल्या जमातीचंही थोडं ऋण आहे!

आता कुणी म्हणेल, मग सगळंच हाताशी ठेवावं. नाही. जे बदलतं ते जपून ठेवलं तर शिळं होतं. दहावीचा निकाल बदलत नाही, पण गुणपडताळणीत एखाद्याचे गुण बदलले तर हाताशी ठेवलेली जुनी प्रत त्याच क्षणी फेकायला हवी. अकरावीच्या रिकाम्या जागा किंवा गाडीतल्या जागा तर मिनिटामिनिटाला बदलतात. आयआरसीटीसीचं उदाहरण बघा. २०१४ मध्ये रेल्वेने नवीन ई-तिकीट यंत्रणा आणली, तिच्यात माहिती मेमरीत ठेवणारी प्रणाली वापरली, आणि मिनिटाला दोन हजार तिकिटांची क्षमता ७,२०० वर नेली. तत्काळच्या वेळी दहा वाजता काय होतं ते आपण सगळे जाणतो, तक्रारी संपलेल्या नाहीत. पण क्षमता साडेतीनपट झाली. गाडी आहे का, जागा आहे का, हे विचारणारे अनेक. तिकीट काढणारे थोडे. विचारणाऱ्यांना मेमरीतून उत्तर द्यावं आणि तिकीट देताना मात्र खरी जागा पक्की तपासावी. चौकशीची खिडकी आणि तिकिटाची खिडकी वेगळी का असते, ते स्टेशनमास्तरांना पूर्वीपासून माहीत होतं.

माझ्या विद्यार्थ्यासारख्या मंडळींचाच एक आक्षेप ऐकते मी. "बाई, मेमरी स्वस्त झाली आहे. एवढं डोकं लावण्यापेक्षा मोठं मशीन घेणं सोपं." कंपन्यांना असेल. पण वाचनालय, पतपेढी, शाळा, नगरपालिकेची खिडकी यांचं तसं नसतं. शिवाय मोठं मशीन घेऊन त्यावर तोच १२८ एमबीचा डबा ठेवला तर काय होईल? तीच रांग, फक्त पैसे जास्त गेलेले.

म्हणून माझी मागणी साधी आहे. ज्या दिवशी किती लोक येणार हे आधीच ठाऊक आहे, त्या दिवसासाठी "फार लोक आले" ही सबब धरू नये. निकालासारखी न बदलणारी गोष्ट आदल्या रात्री मेमरीत भरून ठेवावी. अलीकडे मंडळ एकापेक्षा जास्त संकेतस्थळं देतं, डिजिलॉकरवरही निकाल मिळतो, हे चांगलंच झालं. जी संस्था सॉफ्टवेअर विकत घेते तिने करारातच लिहून घ्यावं की मेमरीची मांडणी कुणी करायची, दर महिन्याला ते दोन आकडे कुणी मोजायचे आणि कुणाला दाखवायचे. वहीत दोन रकाने पुरतात. हजेरीपट भरण्याइतकंच काम आहे.

आणि आपण? आपण पिशवी उचलण्याआधी एक प्रश्न विचारायचा. खिडकीवरच्या मुलीला नाही, तिला त्रास देऊ नका, तीही आपल्यासारखीच ताटकळलेली असते. लेखी अर्ज करून वरच्यांना विचारायचं: "सर्व्हर स्लो आहे म्हणता, तर हजारात किती फेऱ्या माळ्यावर होतात?" आधी कुणालाच कळणार नाही. पण दोन-चार अर्ज असे गेले की कुणीतरी उठून तो आकडा बघेल. आणि एकदा बघितला की १२८ लिहिलेलं त्यालाही दिसेलच.

असो. फार लांबलं. मुलं-सुना वाचतील तेव्हा "आईने आता हेही सुरू केलं का" म्हणतील. म्हणोत बापडी. पण तुमच्यापैकी कुणी अशा संस्थेच्या समितीवर असाल, तर पुढच्या सभेत कोटेशन मंजूर करण्याआधी हा विषय काढून बघा.